भिंतीवरचे संत आणि घरातली मुले

रविवारची उपासना आटोपून आम्ही घरी आलो होतो. दहा वर्षांच्या मुलाने धाकट्या बहिणीला ढकलले, म्हणून भिंतीवरच्या संताच्या तसबिरीकडे बोट दाखवून मी म्हणालो, "त्यांच्यासारखं व्हावं माणसानं!" तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, ते संत होते. त्यांना जमायचं. मला कुठे जमणार?" आणि मोबाईलवर आपल्या आवडत्या फलंदाजाचे फटके पाहू लागला.

चूक त्याची नव्हती. फलंदाज शून्यावर बाद झालेलाही त्याने पाहिला होता. आमचे संत मात्र आम्ही कधी बाद होऊच दिले नाहीत!

शुभवर्तमान असे करीत नाही. पेत्र हा येशूच्या शिष्यांतला अग्रणी. पण त्याने गुरूला तीनदा नाकारले आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांनी नोंदवून ठेवली आहे. पडलेल्या माणसालाही देव उचलतो, हेच तर सांगायचे होते.

आपल्या मराठी मातीतही अशी माणसे आहेत. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. सोवळेओवळे सोडायला त्यांना वर्षे लागली. स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. तो सगळा राग, हट्ट आणि फजिती त्यांनी 'स्मृतिचित्रे'त हसतहसत सांगितली. शाळा न पाहिलेल्या या बाईने पुढे पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले.

तुमचे मूल सारखे "का?" विचारते का? मग त्याला पंडिता रमाबाई सांगा. १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्यावरही त्या धर्मभगिनींशी वाद घालीत राहिल्या. पटल्याशिवाय मान डोलावली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र त्याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे 'मुक्ती' त्यांच्यासाठी घर झाले. श्रद्धा म्हणजे प्रश्न गिळणे नव्हे, हे मुलांना यातून कळते.

खेळाडू, नट यांची चित्रे फाडायची गरज नाही. त्यांची मेहनतही शिकण्याजोगीच असते. फक्त एवढेच विचारावे, "त्यांच्यामुळे कुणाच्या डोळ्यांतले पाणी पुसले गेले?" उत्तर मुलालाच शोधू द्यावे.

आणि एक अवघड गोष्ट. मुलांचा पहिला आदर्श भिंतीवर नसतो, तो जेवणाच्या पाटावर समोर बसलेला असतो. परवा ऑफिसातला राग मी मुलावर काढला. रात्री त्याच्या अंथरुणाशी बसून म्हणालो, "माझं चुकलं रे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पेत्रासारखं?"

सकाळी पाहिले, तर बहिणीचे दप्तर तो भरून देत होता. मी काही बोललो नाही.