परगावचा मुक्काम आणि बाळाची वाटी (बालकाचे पहिले वर्ष : लेखांक अकरावा)

मे महिन्याची सुटी लागली, म्हणजे मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबे कोकणातल्या आपल्या मूळ घराची वाट धरतात. आणि त्या प्रवासाच्या तजविजीत तिकिटे, कपडे, आजोबांची औषधे, शेजारी ठेवावयाची किल्ली या सर्व बाबींचा यथास्थित विचार होऊन गेल्यावर, कुटुंबातील सर्वांत लहान प्रवाशाने वाटेत आणि मुक्कामी खावे काय, हा प्रश्न बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री उभा राहतो. गेल्या आठवड्याच्या लेखांकात, उष्टावणानंतर बाळाच्या आहारात एकेक पदार्थ कोणत्या क्रमाने यावा, हे आपण पाहिले. त्या क्रमाने वाढत दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत येऊन पोहोचलेले बाळ, जे एव्हाना बोटांच्या चिमटीत भाताचे शीत उचलू लागले आहे आणि समोरच्याच्या ताटावर आपला हक्क सांगू लागले आहे, ते घराबाहेर पडते तेव्हा पालकांनी कोणते धोरण ठेवावे, हा आजचा विषय. त्याबाबतचे मत प्रारंभीच सांगून टाकणे बरे : सुटीच्या या आठ-दहा दिवसांत बाळाच्या पोटात किती गेले याचा हिशेब सैल ठेवावा, ते कोणत्या पाण्यातून आणि कोणाच्या हातून गेले याचा मात्र कडक ठेवावा. बहुतेक घरी नेमके याच्या उलट चालते.

प्रमाणाचा प्रश्न प्रथम घेऊ, कारण तो लवकर आटोपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने, आईचे दूध बऱ्यापैकी मिळत असलेल्या नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळास बाहेरच्या अन्नातून दिवसाकाठी सुमारे ३०० उष्मांक पुरतात आणि वर्ष पूर्ण झाल्यावर ही गरज सुमारे ५५० पर्यंत जाते. तीन-चार वेळा अर्धी-पाऊण वाटी मऊ, दाट आणि तूप घातलेले अन्न, आणि मध्ये एखाद-दुसरे वेळी केळ्याचा तुकडा किंवा तत्सम काही, एवढ्यात ते भागते. जन्मसमयीचे वजन वर्षाअखेर साधारण तिप्पट होते आणि त्यानंतर वाढीचा वेग आपोआप मंदावतो, म्हणून या वयाच्या आसपास भूक थोडी कमी झालेली दिसणे हा निसर्गाचाच शिरस्ता आहे. त्यात नवे घर, नवे चेहरे, उकाडा आणि मोडलेली झोप यांची भर पडली, की चार दिवस बाळ निम्मेच खाते. अंगावरचे दूध चालू असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल आणि मूल खेळत असेल, तर त्याच्यामागे वाटी घेऊन अंगणभर धावण्याचे काहीएक कारण नाही.

आता शिदोरीकडे वळू. येथे आमच्या आयाबायांचा जुना समज असा, की पहाटे उठून मऊ भात किंवा दहीभात कालवावा, स्टीलच्या डब्यात भरावा आणि दुपारी चिपळूण-रत्नागिरीच्या सुमारास तो बाळास भरवावा. मोठ्या माणसास तो बहुधा पचतो. बाळासाठी ही वहिवाट सोडली पाहिजे. शिजलेले ओले अन्न साध्या तपमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासातच संपवावे, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. मे महिन्यात गाडीच्या डब्यात याहून थंड हवा कोठून मिळणार? भाताचे तर विशेष आहे. तांदळावर असणाऱ्या बॅसिलस सिरिअस या जिवाणूची बीजे शिजवण्याच्या उष्णतेतूनही वाचतात, कोमट भातात पुन्हा रुजतात, आणि त्यांतून निर्माण होणारे वांतीकारक विष तो भात पुन्हा गरम केला तरी नाहीसे होत नाही. भात कडकडीत गरमच ठेवता येत असेल तर गोष्ट वेगळी. उकळत्या पाण्याने आधी तापवून घेतलेल्या चांगल्या थर्मासात भरलेली खिचडी झाकण उघडताच चटका देईल इतकी गरम असेल, तर ती वाटीत काढून निववून द्यावी. नुसती कोमट लागली, तर निःसंकोच टाकून द्यावी.

यापेक्षा सोयीचा मार्ग म्हणजे अन्न कोरडे न्यावे आणि पाणी वेगळे न्यावे. साळीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्यांचे बारीक पीठ घरून करून आणलेले असले, तर थर्मासातील गरम पाण्यात ते क्षणात कालवले जाते, कारण लाही ही मुळातच फुललेली, म्हणजे शिजलेली असते. खिमटाचे मात्र तसे नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून दळलेले ते पीठ कितीही खमंग भाजले तरी त्यास शिजवणे हवेच, आणि नाचणीच्या सत्त्वासही हवे; म्हणून हे दोन जिन्नस मुक्कामासाठी राखावेत, आणि मुक्काम लॉजमध्ये असेल तर विजेची एक लहान किटली व एक पातेली बरोबर असावी. नाचणी शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते, हा तिचा मोठा गुण; पण प्रवासात तिचे महत्त्व एवढेच, की बाळाच्या ओळखीची चव तिच्यामुळे परगावीही हजर राहते. मेतकुटाची पुडी मात्र या वयात आजीसाठीच न्यावी, कारण बाजारच्या मेतकुटात मीठ आणि मिरची असते आणि वर्षाच्या आतील मुलास वेगळे मीठ घालण्याची गरज नसते. केळे सर्वांत उत्तम. ते स्वतःच्या वेष्टनात येते, सोलणाऱ्याचा हात स्वच्छ असला म्हणजे झाले, आणि प्रत्येक स्थानकावर मिळते.

पाण्याच्या बाबतीत परगावी जो प्रसंग येतो तो नाजूक असतो. यजमान घरातील वडीलधारी व्यक्ती सांगते, की आमच्या विहिरीचे पाणी पिऊन चार पिढ्या वाढल्या. आणि ते खरेही असते, फक्त त्या चार पिढ्यांत जी मुले वाढली नाहीत त्यांची आठवण त्या क्षणी कोणास होत नाही. मे अखेरीस विहिरीचा तळ दिसू लागतो, गाळ वर येतो, आणि पुढे पहिल्या वळवाने काठावरची घाण आत उतरते. वाद न घालता बाळापुरते पाणी खळखळून उकळून, झाकून, त्याच भांड्यात निववावे. विकतची बाटली घेतल्यास तिचे सील शाबूत आहे आणि तिच्यावर आयएसआय चिन्हाबरोबर आयएस १४५४३ हा क्रमांक आहे, याची खातरजमा करून घ्यावी.

पाण्याइतकाच प्रश्न भांड्याचा. दुधाची बाटली घरी उकळता येते. गाडीत आणि एसटीत ती कोणी उकळत नाही, आणि तिच्या बोंडाच्या आतील खाचेत राहिलेला दुधाचा थर जंतूंना पोसतो. १९९२ साली केंद्र सरकारने कायदा करून बालदुग्धाची भुकटी आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, ती उगाच नव्हे. याउलट वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले यांस कोठेही खाचखळगा नसतो. उकळत्या पाण्याची एक धार त्यांस पुरते. ज्यांस भुकटीचे दूध देणे भागच आहे त्यांनी ही भुकटी निर्जंतुक नसते हे ध्यानात ठेवून, ती निदान ७० अंश तपमानाच्या पाण्यात कालवावी, निववून लगेच पाजावी, आणि उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी राखू नये. ज्या आईचे दूध चालू आहे तिला मात्र यांपैकी कशाचीच यातायात नाही, आणि वर्षभराचे मूल आता अंगावर कशाला, असा शेरा मारणाऱ्या नातेवाइकांस, ही शिफारस दोन वर्षे आणि त्यापुढेही आहे, असे शांतपणे सांगावे. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या गवळणीचे नाव राज्यातील एसटी स्थानकांवरील हिरकणी कक्षास दिलेले आहे. हा कक्ष अशा मातांसाठीच आहे, तेव्हा तो कोठे आहे याची चौकशी वाहतूक नियंत्रकाकडे करण्यात संकोच नसावा. रेल्वेनेही २०१६ साली जननी सेवा या नावाने स्थानकांवर गरम दूध, गरम पाणी आणि बालान्न पुरवण्याची योजना काढली होती, परंतु अशा कोणत्याही सोयीच्या भरवशावर घरून रिकामा थर्मास घेऊन निघू नये.

भरवण्याची वेळ गाडी थांबलेली असतानाची निवडावी आणि बाळ ताठ बसलेले असावे. दोन वर्षांखालील मुलांस घाट सहसा लागत नाही, तो आईला लागतो. खरा धोका धक्क्याने घास श्वासनलिकेत जाण्याचा. शेजारचा प्रेमळ प्रवासी शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खे द्राक्ष पुढे करील, तेव्हा त्याचे आभार मानून ते आपल्या तोंडात टाकावे. गावी पोहोचल्यावर करवंदे आणि जांभळे यांनाही हाच नियम.

आणि गावी पोहोचल्यावरच खरी परीक्षा सुरू होते. या वयात अनोळखी माणसाची धास्ती स्वाभाविक असते, म्हणून आत्याच्या हातचा घास बाळाने नाकारला तर त्यात आत्याचा अपमान नाही. पहिले दोन दिवस आईने किंवा बाबांनीच भरवावे. चहात बुडवलेले बिस्कीट, पेढ्याचा कण, बोटावरचा मध, असा जो प्रेमाचा मारा चहूबाजूंनी होतो त्यांतील मधाला मात्र ठाम नकार द्यावा. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात. वर्षाच्या आतील आतड्यात ती रुजली तर उत्पन्न होणारे विष स्नायूंना लुळे करते, आणि मध घरच्या पोळ्यातला आहे एवढ्यावरून हा धोका टळत नाही. घरच्या गाईचे दूध उकळून लापशीत घालण्यास प्रत्यवाय नाही, पण वर्षापूर्वी ते मुख्य पेय होऊ नये, कारण त्यात लोह फारच थोडे असते. आंबा अवश्य द्यावा. देठाकडचा चीक आधी गळू देऊन, फळ धुऊन, साल पूर्ण काढून नुसता गर द्यावा. तो चीक ओठांभोवती लागला तर त्वचा पोळल्यासारखी होते. मासा वर्ज्य नाही, परंतु तो बाळाच्या आयुष्यातील पहिला मासा असेल तर सकाळच्या जेवणात, काटे बोटांनी दोनदा तपासून, थोडासाच द्यावा, आणि परतीच्या प्रवासाच्या आदल्या रात्री तर मुळीच नव्हे. अनेकांचा पहिला वाढदिवस अशाच सुटीत येतो. त्या दिवशी दिनदर्शिका बदलते, जठर बदलत नाही. केकची साखर थोरांनी वाटून घ्यावी.

इतकी दक्षता घेऊनही जुलाब लागतातच कधी कधी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रावण संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडानेच पाजून अगणित जीव वाचवले. तोच उपाय आज क्षारसंजीवनीच्या पुडीत मिळतो. मोठी पुडी एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात, छोटी असल्यास तिच्यावर लिहिलेल्या मापात, पूर्ण विरघळवावी. निम्मी पुडी निम्म्या पाण्यात असा अंदाजी व्यवहार करू नये. प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. चोवीस तासांत ते संपवावे आणि उरलेले ओतून द्यावे. सहा महिन्यांवरील मुलास जस्ताची गोळी रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. शहाळ्याचे पाणी चवीपुरते चालेल, पण त्यात सोडियम फार कमी असल्याने ते या पाण्याची जागा घेऊ शकत नाही, आणि फळाच्या स्वादाची गोड पेये तर उलट जुलाब वाढवतात. अंगावरचे दूध आणि नेहमीचे मऊ अन्न बंद करू नये. डोळे खोल गेले, मूल निपचित पडले, पिणे थांबले, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांची चर्चा तेथेच थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

या आठवड्यात ज्यांचे प्रस्थान आहे त्यांस एवढीच विनंती, की क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या सामानाच्या तळाशी न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, आणि त्यांवरील मुदतीची तारीख घरीच पाहून घ्यावी. पुढील लेखांकात दात येण्याच्या काळातील आहाराचा विचार करू.