आडवाट घरून ठरवावी, डोंगरावर नव्हे

हिवाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाबांचा गट गडावर निघाला आहे. जाऊ द्यावे का?" प्रकृती तपासून माझे उत्तर बहुधा "जाऊ द्या" असेच असते. पण अलीकडे मी एक उलट प्रश्नही विचारतो : "वाट कोणती? आणि ती मध्येच बदलावीशी वाटली, तर तो निर्णय कोण घेणार?" हा प्रश्न मी वैद्यकाच्या पुस्तकात शिकलो नाही. तो मला हरिश्चंद्रगडाने शिकवला.

डिसेंबरचे दिवस होते. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे गडावर चढायचे, हरिश्चंद्रेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि पलीकडे पाचनईला उतरायचे, असा आमचा बेत होता. गाडी पाचनईला थांबणार होती. गटात आम्ही सहा जण, त्यांत सर्वांत ज्येष्ठ अण्णा, वय 67. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही गोळ्यांनी आटोक्यात होते. खिंडीनंतरच्या कातळटप्प्यावर वेळ गेला, गुडघे कुरकुरू लागले आणि माथ्यावरच्या चढउतारांवर येईपर्यंत साडेतीन वाजले. तेव्हा एकाने मोबाइलमधला नकाशा पुढे केला. पाचनईची वाट उजव्या हाताला जेमतेम सहाशे मीटरवर दिसत होती. मग देवळापर्यंत वळसा कशाला? मी डॉक्टर असूनही "चला" म्हणालो. ती चूक माझीच.

अर्ध्या तासात आम्ही कड्याच्या काठावर उभे होतो. पाचनईची वाट त्या कड्याच्या पोटातून, बऱ्याच खालून जाते. वर-खाली अंतर थोडे होते, पण मध्ये सरळ तुटलेला कातळ होता. ज्या वाळलेल्या गवतावरून घसरत आलो, त्यावरूनच वर चढायचे होते. उतरायला अर्धा तास लागला होता; चढायला सव्वा तास लागला. त्या चढणीत अण्णा गप्प झाले. कपाळावर गार घाम होता. "मला इथेच बसू द्या" असे ते चिडून म्हणाले. माझ्या पिशवीतल्या ग्लुकोमीटरने साखर 54 दाखवली. ग्लुकोजचे पाणी दिल्यावर पंधरा मिनिटांत ते सावरले. देवळाजवळ पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते, पुरता अंधार पडला होता. तेथे राहुट्या लावणाऱ्या पाचनईच्या गावकऱ्यांनी चहा दिला, गोधड्या दिल्या. रात्र तेथेच काढली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. विचार करीत होतो तो इतकाच, की आपण नक्की कोठे चुकलो.

नकाशात लपलेला कडा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी समोच्चरेषा सामान्यतः वीस-वीस मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतात. रेषा जितक्या जवळजवळ, तितका उतार तीव्र. येथवर आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. पण दोन रेषांच्या मध्ये पंधरा मीटरचा कडा असला, तर तो या रेषांतून कळतोच असे नाही. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. म्हणून तो जिन्यासारखा आहे. पदर, मग कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारतीएवढी उंची. नकाशावर सौम्य दिसणाऱ्या उताराच्या पोटात अशी पायरी असू शकते, हे गृहीत धरूनच आडवाट आखावी.

शिवाय हिवाळ्यात वाळलेले गवत पायाखाली आडवे होते आणि तेलकट फरशीसारखे निसटते. कारवीच्या दाटीत पुढचे पाऊल कोठे पडते ते दिसत नाही. मुरमाचा घसारा काठीलाही आधार देत नाही. ढोरवाटा फसव्या असतात; गुरे चरायला जातात, गावाला नव्हे.

वेळेचे गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक सोपा हिशेब मांडला : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. समजा, आडवाट सहाशे मीटर लांब असून तिच्यात दोनशे मीटरची चढण आहे. नेस्मिथच्या हिशेबाने सुमारे सत्तावीस मिनिटे होतात. गटात साठीपुढची माणसे असतील तर मी ती दुप्पट धरतो, आणि मळलेली वाट नसेल तर पुन्हा दुप्पट. म्हणजे पावणेदोन तास झाले. वळशाच्या वाटेने याहून लवकर पोहोचणार असाल, तर आडवाटेने काय वाचले? अवघड उतारालाही चढाईइतकाच वेळ धरावा.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराच्या पूर्वेकडील अंगावर सावली त्याआधीच पसरते. उजेड संपण्यापूर्वी निदान दोन तास हाताशी नसतील, तर आडवाटेचा विषयच काढू नये.

शरीराचे गणित

वय वाढले की तहान आणि थंडी या दोन्हींची जाणीव उशिरा होते. थंडीत पाणी कमी प्यायले जाते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीर आणखी कोरडे पडते आणि उठताना भोवळ येते. हृदयाची गती आवरणाऱ्या काही गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, साखर उतरल्याची छातीतली धडधड आणि हातांची थरथर झाकून टाकतात. घाम मात्र येतो. अण्णांचे तसेच झाले. अशा माणसाला गार घाम आला, तो विनाकारण चिडला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर आधी साखर द्यावी. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमानंतर काही तासांनी, रात्रीही उतरू शकते. त्या दिवशीच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी वगळू नये. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही किरकोळ समजू नये.

उंचीबरोबर हवा थंड होत जाते, साधारणपणे हजार मीटरला साडेसहा अंश. घामाने भिजलेला सुती सदरा आणि वारा एकत्र आले की बर्फ नसतानाही वृद्धांचे शरीर धोकादायकरीत्या गार पडू शकते. पाय अडखळणे, शब्द जड होणे ही त्याची चिन्हे. थरथर थांबली पण माणूस सुस्त होत चालला, तर ते बरे होणे नव्हे, बिघडणे होय. ओले कपडे बदलावेत, डोके झाकावे, तो शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे. मद्य मुळीच देऊ नये. आणि छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप असेल, तर जागीच थांबावे. "थोडेच राहिले आहे" या शब्दांवर विसंबून पुढे जाऊ नये.

आडवाट आखायचीच असेल तर

आडवाट नेहमीच वाईट असते असे मी म्हणत नाही. ती घरी, टेबलावर नकाशा पसरून आखावी. अभयारण्याच्या हद्दीत, जसा हरिश्चंद्रगडाचा परिसर आहे, वनखात्याचे नियम विचारून घ्यावेत. त्या गावचा वाटाड्या सोबत घ्यावा. कड्यातून वाट कोठे आहे हे त्याला नकाशापेक्षा चांगले कळते. आडवाटेचा शेवट अशा जागी असावा की चुकले तरी ती जागा हुकणार नाही : रुंद मळलेली वाट, नदी किंवा गाडीरस्ता. नेमक्या बिंदूवर नेम न धरता मुद्दाम थोडे एका बाजूला चालावे. म्हणजे वाटेला लागल्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे, हा संभ्रम राहत नाही. परत फिरण्याची वेळ आधी कागदावर लिहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे : जे पुन्हा चढता येणार नाही, ते उतरू नये.

घरच्यांसाठी

वडीलधाऱ्यांना घरात बसवून ठेवणे हा उपाय नव्हे. त्यांनी जावे. पण चढताना पूर्ण वाक्य बोलता येते का, हे आधी जवळच्या टेकडीवर पाहावे. घरी एक चिठ्ठी ठेवावी : चढण्याची वाट, उतरण्याची वाट, सोबत्यांचे क्रमांक, चालू गोळ्यांची यादी, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करावा. 108 किंवा 112 ला फोन करताना ही चिठ्ठी हाताशी असली की बोलणे नेमके होते. गटाने वाट बदलली, तर ज्याला संपर्क मिळेल त्याने घरी कळवावे. संपर्क नसेल, तर वाट बदलू नये.

आमच्या गटात आता एक नियम आहे. घरून न ठरवलेली आडवाट डोंगरावर सुचली, तर सर्वांत सावकाश चालणाऱ्याचे मत आधी विचारायचे, आणि तो "नको" म्हणाला की चर्चा संपली. अण्णा अजून आमच्याबरोबर येतात. त्या दिवशीही त्यांच्या मनात "नको" होते, हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो आहे, म्हणून ते गप्प राहिले. वाचकहो, आपल्या घरातल्या अण्णांना हे "नको" संकोच न करता म्हणता येईल, एवढी व्यवस्था निघण्यापूर्वीच करून ठेवा.