मुंबईने ऐकलेले ‘पोलीस’ आणि थेट मैफलींच्या ध्वनिमुद्रिका

मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने मुंबईत मैफल केली, तेव्हा पाश्चात्त्य रॉकमधील ऐन भरातल्या वाद्यवृंदाने भारतात येणे ही अपूर्वाईची गोष्ट होती. ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या मुंबईतील महिलांच्या संस्थेने हा कार्यक्रम आयोजित केला होता. जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे करत आलेला हा जथा मुंबईहून पुढे कैरो आणि अथेन्सला गेला. या भ्रमंतीवर ‘पोलीस अराउंड द वर्ल्ड’ हा माहितीपट निघाला आणि त्यात मुंबईची दृश्येही आहेत. मात्र १९९५ मध्ये निघालेल्या ‘लाइव्ह!’ या दुहेरी अल्बममध्ये मुंबईला स्थान नाही. मग मुंबईकरांनी त्या रात्री नेमके काय ऐकले असेल?

स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्यूअर्ट कोपलँड या तिघांचा हा संच पंकच्या लाटेतून पुढे आलेल्या ‘न्यू वेव्ह’चा. पंकचा आवेश, रेगेचा ठेका आणि जॅझची जाण असे त्यांचे मिश्रण होते. ऑक्टोबर १९७८ मध्ये ते प्रथम अमेरिकेत गेले ते लेकर कंपनीच्या स्वस्त विमानाने. न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’सारख्या छोट्या क्लबांत वाजवायचे, व्हॅनमधून पुढचे गाव गाठायचे, असा त्यांचा शिरस्ता. पकिप्सी येथील एका कार्यक्रमाला तर बोटांवर मोजण्याइतकेच श्रोते होते. तीन माणसे, मोजके सामान आणि तुटपुंजा खर्च या हिशेबामुळेच हे तिघे इतरांच्या आधी दूरदूर पोहोचू शकले.

‘लाइव्ह!’चा पहिला भाग २७ नोव्हेंबर १९७९ रोजी बॉस्टनच्या ऑर्फियम थिएटरात ध्वनिमुद्रित झाला, म्हणजे मुंबईच्या मैफलीआधी अवघे चार महिने. दुसरा अल्बम ‘रेगाटा द ब्लाँक’ नुकताच आला होता आणि तिसरा यायचा होता. तेव्हा मुंबईतही पहिल्या दोन अल्बमांतील गाण्यांवरच प्रामुख्याने भिस्त असणार. बॉस्टनमध्ये गाणी स्टुडिओतल्यापेक्षा वेगाने धावतात. कोपलँड यांचे ड्रम जणू इतर दोघांना ढकलत नेतात. समर्स यांच्या गिटारला जोडलेले प्रतिध्वनीचे यंत्र एकाच माणसाच्या वादनाला दोघांचा भरणा देते. मध्येच गाणे थांबल्यासारखे होते, केवळ बास आणि झांजा उरतात आणि स्टिंग श्रोत्यांकडून आलाप वदवून घेतात. क्वचित सूर निसटतो, पण त्यातच या ध्वनिमुद्रणाचे मोल आहे.

दुसरा भाग नोव्हेंबर १९८३ मधला, अटलांटाच्या ‘ऑम्नी’ या भव्य बंदिस्त प्रेक्षागारातला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ७० हजार श्रोत्यांपुढे हा वाद्यवृंद उभा राहिला होता. अटलांटात तीन साहाय्यक गायिका आहेत, यंत्रबद्ध स्वर आहेत, सफाई आहे. याच कार्यक्रमाचे चित्रीकरण गॉडली आणि क्रीम या दिग्दर्शकद्वयीने केले. सारे देखणे, परंतु तीन माणसांतला तो मोकळा अवकाश मात्र भरून गेलेला आहे. तिघांमधील वितुष्टही एव्हाना लपून राहिले नव्हते. मार्च १९८४ मध्ये मेलबर्नला हा दौरा संपला आणि त्यानंतर, १९८६ मधील ‘अॅम्नेस्टी’साठीच्या मैफलींसारखे अपवाद वगळता, दोन दशके ते मंचावर एकत्र आले नाहीत.

२००७-०८ चा पुनर्मीलन दौरा व्हँकूव्हरला सुरू होऊन न्यूयॉर्कला संपला. ब्युनोस आयर्समधील त्यातल्या मैफली ‘सर्टिफायेबल’ या संचात आहेत. तिथे पुन्हा तिघेच वाजवतात. वेग मात्र मंदावलेला आणि स्वर खाली उतरलेला. स्टिंग जानेवारी २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवरील ‘लोलापलूझा’त गायले, पण तेव्हा साथीला समर्स आणि कोपलँड नव्हते. १९८०च्या त्या रात्रीची चाहूल घ्यायची तर बॉस्टनचीच ध्वनिमुद्रिका लावावी, आणि आवाज जरा मोठा ठेवावा.