पीएच मापक आणि त्याचे बफर विद्राव

मातीपरीक्षण-प्रयोगशाळेत पीएच मापकावर ८.५३ हा आकडा उमटला, की तो यंत्राने मातीतूनच शोधून काढला असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः पीएच मूल्य, ज्यास शेतकी व्यवहारात सामू म्हणतात, ते यंत्रास मुळीच ठाऊक नसते. त्यास कळतो तो केवळ काच-इलेक्ट्रोडच्या पातळ पडद्यापाशी उत्पन्न होणारा विद्युत्-दाब. २५° से. तापमानास पीएच मूल्य एकाने बदलले, की निर्दोष इलेक्ट्रोडचा दाब सुमारे ५९.२ मिलिव्होल्टने बदलतो. कोणत्या दाबास कोणता आकडा लावावा, हे आपण ज्ञात मूल्यांच्या विद्रावांवरून यंत्रास शिकवितो. यासच अंशांकन म्हणतात.

हे विद्राव बफर असावे लागतात. थोडे आम्ल वा अल्क मिसळले तरी त्यांचे मूल्य फारसे ढळत नाही. २५° से. ला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचे मूल्य ४.०१, फॉस्फेट-मिश्रणाचे ६.८६ आणि टाकणखाराचे ९.१८ असते. अल्कधर्मी मातीसाठी शेवटची जोडी घेतात.

यांपैकी टाकणखाराचा विद्राव भरवशाचा नव्हे. उन्हाळ्यात ४०° से. ला त्याचे मूल्य ९.०७ पर्यंत उतरते. म्हणून बाटलीवरील तापमान-कोष्टक पाहिल्याविना आकडा लावू नये. शिवाय बाटली उघडी राहिली, तर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून तो हळूहळू उतरत जातो, आणि हे डोळ्यांस दिसत नाही. समजा, तो २५° से. ला ९.०० वर आला आहे आणि आपण यंत्रास ९.१८ च सांगितले. मग ८.४० सामूची माती ८.५३ दाखवील. सामान्यतः ८.५ च्या पुढील जमीन चोपण मानली जात असल्याने, अशा अहवालावरून शेतकऱ्याच्या माथी जिप्समचा नाहक खर्च बसू शकतो.

गंमत अशी, की याच वेळी यंत्र इलेक्ट्रोडचा उतार शेकडा ९२ दाखविते. पुष्कळ ठिकाणी शेकडा ९५ खालील इलेक्ट्रोड निकामी समजतात. अपराध बाटलीचा आणि शिक्षा इलेक्ट्रोडला!

खरा दोषी ओळखण्यास थॅलेटचा तिसरा विद्राव मोजावा. इलेक्ट्रोडच थोडा मंदावला असेल, तर अंशांकनाने ती उणीव भरून निघते आणि आकडा ४.०१ च्या जवळ येतो. टाकणखार बिघडला असेल, तर तो सुमारे ३.७७ येईल. तेव्हा प्रथम टाकणखाराची नवी बाटली फोडावी. वापरलेला विद्राव बाटलीत परत ओतू नये, हे सांगावयास नकोच. तरी तो ओतला जातो.