शस्त्रक्रियेची वाट पाहताना

निदान ठरते आणि डॉक्टर सांगतात, शस्त्रक्रिया करावी लागेल. तारीख दीड-दोन महिन्यांनंतरची मिळेल. त्या दिवसापासून त्या तारखेपर्यंतचा काळ आपल्याकडे कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. रुग्णालयाच्या लेखी उपचार अजून सुरू व्हावयाचा असतो. घरच्यांच्या लेखी रुग्णाने तोवर अंथरुणावर पडून राहावयाचे असते. हा काळ रिकामा नसून उपचाराचाच पहिला भाग आहे, एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

शस्त्रक्रिया हा शरीरावर पडणारा मोठा ताण होय. त्या वेळी हृदयाला व फुप्फुसांना अधिक काम पडते आणि जखम भरून काढण्यासाठी स्नायूंतील प्रथिने खर्ची पडतात. ज्याच्या गाठीला शिल्लक असते तो लवकर सावरतो. ही शिल्लक पडून राहिल्याने वाढत नाही, उलट झिजते. आणि म्हातारपणी झिजलेला स्नायू सहजी भरून येत नाही. म्हणून डॉक्टरांची मनाई नसेल तर रोज चालावे, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा, आणि जेवणात डाळ, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी वाढवावीत. घरात कोणी नवस बोलून उपवास धरले, तर ते इतरांनी करावेत. रुग्णाला मात्र जेवू घालावे.

श्वासाचे महत्त्व सांगणारा एक प्रयोग येथे नमूद करण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे पोटाच्या वरच्या भागाची मोठी शस्त्रक्रिया व्हावयाच्या 441 रुग्णांवर तो झाला व 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना केवळ माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना पुस्तिकेबरोबरच, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच दीर्घ श्वास कसे घ्यावेत व खोकावे कसे, हे अर्धा तास समोर बसवून शिकविले. फुप्फुसांचे विकार पहिल्या गटात शेकडा 27 जणांना झाले, दुसऱ्यात 12 जणांना. येथे ना नवे औषध होते, ना महागडे यंत्र.

तंबाखूचेही तसेच. धूम्रपान किमान चार आठवडे आधी सोडल्यास शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव कमी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जाहीर केले. निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखम रेंगाळते. तेव्हा तंबाखू चघळणाऱ्यांनी आणि मिस्री लावणाऱ्यांनीही स्वतःस यातून वगळू नये.

याहून जिव्हाळ्याची गोष्ट रक्ताची. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा 57 जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. अशा स्थितीत तारीख पुढे ढकलावी लागते, नाहीतर बाहेरचे रक्त द्यावे लागते. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढावयास आठवडे लागतात; आदल्या दिवशी घेतलेल्या गोळीचा काय उपयोग? घरात सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणारी बाई शस्त्रक्रियेचा ताण कशाच्या बळावर सोसणार, हा प्रश्न तिने नव्हे, घराने स्वतःला विचारावयाचा आहे.

परगावाहून आलेल्याला तर निवाराही नसतो. गाडगेबाबांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारल्या. दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांची सोय होते. छप्पर, ताजे अन्न व विचारपूस हीदेखील शस्त्रक्रियेची पूर्वतयारीच होय.

मात्र या तयारीच्या नावाखाली रांगा लांबविण्याचे समर्थन कोणी करू नये. दुखणे वाढले, रक्त पडू लागले, वजन झपाट्याने उतरले, तर तारखेची वाट न पाहता रुग्णालयास कळवावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वा मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आपल्या घरी किंवा शेजारी कोणास अशी तारीख मिळाली, तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणावून थांबू नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: रक्त व साखर किती आहे, किती चालावे, आणि त्रास वाढल्यास कोणाला गाठावे? उत्तरे कागदावर लिहून घ्या, आणि त्याच संध्याकाळी रुग्णाला हात धरून कोपऱ्यापर्यंत चालवून आणा.