गंगैकोंड चोळपुरम : चोळांची विटांची राजधानी

- कुठे : अरियलूर जिल्हा, तमिळनाडू. तंजावरहून सुमारे ७० किलोमीटर.
- केव्हा : पहिला राजेंद्र चोळ (कारकीर्द १०१४–१०४४) याने गंगेपर्यंतच्या मोहिमेनंतर, १०२५च्या सुमारास वसवली. सुमारे अडीचशे वर्षे राजधानी.
- काय उरले : बृहदीश्वराचे दगडी मंदिर उभे, २००४पासून जागतिक वारसा. विटांच्या राजवाड्याचे केवळ अवशेष, जवळच्या माळिगैमेडू येथील उत्खननात सापडलेले.
- विटांतील फरक : कच्ची वीट उन्हात वाळवतात, पेरूमधील चान चान हे शहर कच्च्या विटांचे. माळिगैमेडूची वीट भाजलेली.
- दोन बृहदीश्वर : तंजावरचे मंदिर राजेंद्राचे वडील राजराजा यांचे, १०१०मध्ये पूर्ण. तिथेच दुसऱ्या सरफोजीराजांचा १८०३चा मराठी शिलालेख.