वाढत्या अंगाची खुर्ची

डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत सहा वर्षांचा एक मुलगा मोटारीत पुढे बसून घरच्यांबरोबर निघाला होता. पुढची गाडी दुभाजकावर आदळली आणि तिचा मागचा भाग यांच्या गाडीवर आपटला. एअरबॅग उघडली, तिच्याच दणक्याने मुलगा गेला.

ही पिशवी पापणी लवण्याआधी फुगते, आणि ती बेतलेली असते पट्टा बांधलेल्या मोठ्या माणसासाठी. लहानग्याच्या डोक्या-मानेवर तिचा फटका बसतो. म्हणून मुलाची जागा मागे. तिथेही आजीच्या मांडीवर नव्हे. टक्कर झाली तर दहा किलोचे बाळ पैलवानाच्याही हातून सुटेल.

आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो. खुर्चीचे तसे चालत नाही. तान्ह्याची खुर्ची गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. मान कोवळी, डोके जड. अशा वेळी धक्का साऱ्या पाठीवर वाटला जातो. निदान सव्वा वर्षापर्यंत, मावत असेल तर पुढेही हीच ठेवावी. मग समोर तोंड करणारी, दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारी. तीही अपुरी पडली की बूस्टर, म्हणजे उंची देणारी बैठक. मोटारीचा पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर आणि पोटाऐवजी कमरेच्या हाडांवर बसेपर्यंत ती हवीच. वयापेक्षा उंची पाहावी.

२०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला असे बांधून न घेतल्यास हजार रुपये दंड आहे. बँकेत मोटारकर्जाच्या अर्जांत मी विम्याचा रकाना नेमाने तपासत असे. या खुर्चीचा रकानाच नव्हता.

आणि पट्टा बांधल्यावर खांद्यापाशी चिमटीत धरून पाहावा. घडी पडली, तर तो सैल आहे.